'घरगुती वापरकर्ता' म्हणजे नेमका कोण? पवईच्या एका प्रकल्पाकडे संशोधक म्हणून बघताना

'घरगुती वापरासाठी युनिक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टिमची उपयुक्तता' असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर जरा थांबा. या शीर्षकातले दोन शब्द तुम्हाला पुढे अडचणीत आणतील : 'युनिक्स-आधारित' आणि 'घरगुती'.

आधी पहिला घेऊ. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचं, हा त्यामागचा विचार. म्हणूनच प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा वेगवेगळ्या परवानग्या असतात. १९९१ साली आलेलं लिनक्स त्याच धर्तीचं, पण नव्याने लिहिलेलं. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे बोरिवली लोकलमध्ये दारात उभं राहून मोबाइल बघणारा माणूस रोज लिनक्स वापरतोच आहे! मग 'हे घरच्या माणसाला झेपत नाही' हे विधान जसंच्या तसं टिकत नाही. मोबाइलवर झेपतं, कारण सिस्टिम बसवणं, ड्रायव्हर जुळवणं ही कामं कंपनीने आधीच केलेली असतात.

आता दुसरा शब्द. त्यासाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ असतात. ते बघत बघत शेजारच्या खिडकीत तीच कृती आपणही करायची. आवाज मराठीत, पडद्यावरचा मजकूर मात्र इंग्रजीच. हा निर्णय मुद्दाम घेतलेला आहे : नोकरीच्या ठिकाणी पडदा इंग्रजीच असणार. शिकवण्याची पद्धत म्हणून मला हे काम फार आवडतं. शिक्षक नसला तरी कमांड, फिल्टर, पाइप यांची भीती जाते.

पण इथेच आपण घसरतो. 'इतक्या विद्यार्थ्यांनी लिनक्सचं प्रशिक्षण घेतलं, म्हणून लिनक्स घरासाठी योग्य' असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा. लॅबमधलं मशीन कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेलं असतं. मुलुंडच्या एखाद्या घराची कल्पना करा. कॉम्प्युटर एकच. मुलीला कॉमर्ससाठी टॅली हवं, आणि ते विंडोजसाठी बनलेलं. आईकडे सोसायटीच्या जुन्या नोटिसा, त्याही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर नुसती गिचमिड दिसणार. शिवाय आईला नोकरी करायची नाही, त्यामुळे इंग्रजी पडद्यामागचं कारण तिला लागूच होत नाही. लिबरऑफिसचे मेनू मराठीत करता येतात, हे तिला जास्त उपयोगाचं.

यात प्रकल्पाचा दोष नाही. तो विद्यार्थ्यांसाठी आखलेला आहे. दोष आपल्या मोजमापाचा आहे. परीक्षा पास होणं म्हणजे 'शिकला'. सहा महिन्यांनी घरी तेच चालू असणं म्हणजे 'उपयुक्त'. दोन्हींसाठी वेगवेगळा पुरावा लागतो.

मग करायचं काय? 'लिनक्स सोपं वाटतं का?' अशी प्रश्नावली वाटत फिरू नका. लोक तुम्हाला बरं वाटेल ते उत्तर देतात. त्यापेक्षा घाटकोपर-अंधेरीतली मोजकी घरं निवडा. आठवडाभरात कॉम्प्युटरवर कोणती कामं होतात, याची यादी करा. त्यातली किती कामं बाहेरच्या मदतीशिवाय पूर्ण झाली आणि अडलं तेव्हा कुणाला बोलावलं, ते नोंदवा. आणि हेच विंडोज असलेल्या घरांतही करा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

माझा अंदाज सांगतो : बहुतेक कामं ब्राउझरमध्येच होणाऱ्या घरात लिनक्स व्यवस्थित चालेल, टॅलीवाल्या घरात अडेल. पण हा अंदाज झाला. तो खोडून काढणारी चार घरं तुम्हाला सापडली, तर तुमचा प्रबंध तिथून सुरू होईल.