जुलैत भिंत वाळते का? एका जर्मन सूत्राची लालबागमधली परीक्षा

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं, की एखाद्या गाजलेल्या सूत्रावर टीका करायची म्हणजे नेमकं करायचं काय? ते चूक आहे असं सिद्ध करायचं का? उदाहरण म्हणून माझंच फसलेलं काम घेते. विषय आहे बाहेरच्या भिंतीचा गिलावा. परदेशी पुस्तकांत याला स्टको किंवा रेंडर म्हणतात, आपल्याकडे साइटवर 'बाहेरचं प्लॅस्टर' किंवा 'सँडफेस'.

आधी सूत्र बघू. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हेल्मुट क्युन्झेल या जर्मन संशोधकाने पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतींसाठी एक कसोटी मांडली. तिच्यामागे बव्हेरियातल्या होल्झकिर्खेन इथल्या उघड्यावरच्या चाचणी-केंद्राचा अनुभव होता. कसोटी दोन आकड्यांवर उभी आहे. पहिला शोषणाचा, 'डब्ल्यू': भिंत ओली झाली की एका तासात दर चौरस मीटरला किती किलो पाणी पिते. (हे पिणं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे चार तासांत दुप्पट.) दुसरा वाफेला होणाऱ्या अडथळ्याचा, 'एसडी': गिलाव्याचा थर किती मीटर जाडीच्या स्थिर हवेइतका वाफेला अडवतो. पहिला ०.५ च्या आत हवा, दुसरा २ मीटरच्या आत, आणि दोघांचा गुणाकार ०.२ च्या आत. गंमत गुणाकारात आहे. तुम्ही जास्त पीत असाल तर लवकर वाळा, आणि वाळायला हळू असाल तर पिऊच नका. पुढे ही कसोटी डीआयएन ४१०८ या जर्मन मानकात गेली आणि तिथून जगभर पसरली.

मला ती इतकी आवडली की पहिल्या वर्षीच्या प्रस्तावात मी ती जशीच्या तशी उचलली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी ती आमच्या चाळीवरही वापरली.

आमची चाळ लालबागची, १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या 'अ' वर्गातली. १९६९ साली हा उपकर आला तेव्हा मुंबई शहरात अशा एकूण १९,६४२ इमारती होत्या, त्यातली एक. सागाचे खांब, मध्ये चुन्यात बांधलेल्या विटा, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, मागे मोऱ्या आणि त्यांचे पाइप. मागची भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे मोसमी वाऱ्याच्या थेट समोर. तिचा जुना गिलावा ढासळायला लागला तेव्हा कमिटीच्या काकांनी मला हाक मारली. "अगं, तू यातच शिकतेस ना? सांग काय लावायचं."

मी सांगितलं. वॉटरप्रूफिंग पावडर घातलेलं सिमेंटचं सँडफेस, आणि वर रबरासारखा ताणला जाणारा जाड लेप. लेपाच्या माहितीपत्रकावर शोषण ०.०५ आणि एसडी १.५ मीटर. गुणाकार ०.०७५. क्युन्झेलच्या ०.२ च्या कितीतरी आत! मी हे कमिटीच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं होतं, आणि लोकांनी वर्गणी काढली.

पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्यात लेपाला फुगे आले. बोट लावलं तर आत पाणी डुचमळायचं. तळमजल्यावरच्या एका आजींच्या खोलीत आतून ऑइलपेंटचे पोपडे सुटले, मागे पांढरा लोणा. गवंड्याने थापीच्या दांड्याने ठोकून पाहिलं तर निम्म्या भिंतीतून पोकळ आवाज. एका जागी गिलावा उतरवला आणि आतल्या सागाच्या खांबाच्या पायथ्याशी त्याने स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो बोटभर आत गेला. खांबावर वरचे दोन मजले उभे आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या भागाला त्याच आठवड्यात टेकू लावले आणि आजी मुलीकडे राहायला गेल्या.

आता टीका. माझी पहिली टीका, जी मी ताबडतोब वहीत लिहिली, ती अशी: हे सूत्र कोरड्या थंड देशातलं आहे, आपली हवा दमट, म्हणून इथे वाफ बाहेर जातच नाही. वाचायला पटतं ना? मलाही पटलं होतं. मग आकडे मांडले. जुलैत ओली भिंत २८ अंशाला धरा, तिच्या पृष्ठाशी वाफेचा दाब सुमारे ३७८० पास्कल. बाहेरच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे सुमारे ३२१०. फरक ५७०. आता जर्मन उन्हाळा घ्या: भिंत १८ अंशाला, हवेत ७० टक्के आर्द्रता. फरक ६२० च्या आसपास. म्हणजे वाफेला बाहेर ओढणारी ताकद दोन्हीकडे जवळपास सारखीच! माझी टीका आकड्यांपुढे टिकली नाही. "आपलं हवामान वेगळं आहे" हे वाक्य प्रबंधात लिहायला फार सोपं असतं, म्हणून त्याच्यावर जास्त संशय घ्या.

मग वेगळं काय आहे? पावसाचं वेळापत्रक. होल्झकिर्खेनला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बारा महिन्यांत वाटून. भिंत भिजते, मध्ये काही दिवस वाळते, पुन्हा भिजते. गुणाकाराची कसोटी या आलटून-पालटून चालणाऱ्या व्यवहारावर बेतलेली आहे. मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. एकट्या जुलैत सातशेच्या वर. इथे भिंत चार महिने फक्त जमा करते आणि आठ महिने फक्त खर्च करते.

माझ्या लेपाचंच गणित करू. स्थिर हवेच्या एका मीटरमधून दर पास्कलला तासाला, दर चौरस मीटरला सुमारे ०.०००७२ ग्रॅम वाफ जाते. त्याला ५७० ने गुणा, १.५ ने भागा, चोवीस तासांनी गुणा. दिवसाला साडेसहा ग्रॅम. म्हणजे त्या लेपामागे चौरस मीटरभर भिंतीत एक लिटर पाणी शिरलं, तर जुलैच्या हवेत ते बाहेर यायला दीडशे दिवस लागतील. आपला अख्खा पावसाळा एकशेवीस दिवसांचा. हे ढोबळ गणित आहे हे मान्य, पण त्यात दुपटीची चूक निघाली तरी खांबाला काही दिलासा मिळत नाही.

आणि लिटरभर पाणी शिरतं कुठून? लेपाचं शोषण तर ०.०५ होतं. इथे सूत्रावरची खरी टीका सुरू होते. 'डब्ल्यू' हा आकडा प्रयोगशाळेत, अखंड तुकड्यावर मोजलेला असतो. आमची भिंत अखंड नाही. साग आणि वीट ऋतूप्रमाणे वेगवेगळे फुगतात-आकसतात, आणि कडक सिमेंटच्या गिलाव्याला नेमकी त्या सांध्यावर केसासारखी भेग पडते. मोरीचा पाइप भिंतीत शिरतो तिथे दुसरी. भेग पाणी ओढून घेते आणि मागचा चुना-वीट ते पसरवतात. म्हणजे आत येण्याचा रस्ता भेगेचा आणि बाहेर जाण्याचा रस्ता लेपाचा. सूत्र मात्र दोन्हीकडे लेपच धरतं.

शिवाय भिंत वाळते ती फक्त वाफेने नाही. सुरुवातीला पाणी द्रवरूपातच बारीक छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चालत येतं आणि तिथे उडून जातं. हे वाळणं वाफेच्या झिरपण्यापेक्षा कितीतरी वेगवान असतं. मी सुचवलेल्या वॉटरप्रूफिंग पावडरीने नेमका हाच रस्ता बंद केला. गुणाकारात या वाटेला जागा नाही, म्हणून तिचं नुकसानही त्यात दिसलं नाही.

मिठाचा मुद्दा मला उशिरा सुचला, तुम्हाला सुचायला हवा होता असं मी म्हणणार नाही. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि खाली आली की पुन्हा खडा होतं. मुंबईची हवा हा उंबरठा पावसाळा लागताना ओलांडते आणि पावसाळा संपल्यावर परत खाली येते. समुद्राची हवा आणि नीट न धुतलेली खाडीची रेती, दोन्हींतून मीठ भिंतीत शिरतं. त्यामुळे जूनमध्ये एकही सर न लागता भिंत ओली दिसू शकते, आणि हिवाळ्यात मिठाचे खडे वाढताना पोपडे काढतात. ओल मोजायला निघालात तर आधी मीठ मोजा, नाहीतर गळती नसलेल्या जागी गळती शोधत बसाल. मी एक आख्खा महिना बसले होते.

एवढं सगळं झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. चुना! वास्तुवारसा जपणाऱ्या मंडळींमध्ये एक लाडकं वाक्य आहे, चुना श्वास घेतो आणि सिमेंट गुदमरवतं. पण आकडे पाहा. २० मिलिमीटर सिमेंट गिलाव्याचा एसडी साधारण ०.३ ते ०.५ मीटर. चुन्याचा ०.२ च्या आसपास. दोघेही क्युन्झेलच्या २ मीटरच्या खूप आत. वाफेपुरतं बोलायचं तर गुदमरवणारा होता वरचा लेप, आणि आतून ऑइलपेंट. चाळीच्या खोल्यांना ऑइलपेंट का लावतात हे मला माहीत आहे, पुसता येतो म्हणून. पण पावसानंतर ऊन पडलं की तापलेल्या ओल्या भिंतीतली वाफ आतही ढकलली जाते आणि त्या रंगामागे अडकते.

चुन्याचा खरा फायदा दुसरा आहे. तो मऊ असतो, लाकडाची हालचाल थोडी सोसतो, आणि द्रव पाण्याला बाहेर येऊ देतो. पण तो नुसता हवेवर घट्ट होणारा चुना असेल तर त्याला महिने लागतात. मे महिन्यात लावला तर जूनच्या सरी तो धुऊन नेतील. जुने गवंडी त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालायचे ती त्यासाठीच. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो. आणि काम दिवाळीनंतर काढायला हवं. आपल्याकडे होतं उलटं. अतिधोकादायक इमारतींची यादी पावसाळ्याच्या तोंडावर येते, तेव्हाच सगळ्यांना जाग येते आणि एप्रिल-मेमध्ये परांच्या चढतात. गिलाव्याच्या मिश्रणावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, त्या मानाने महिन्यावर फार कमी.

महिन्याचं महत्त्व बघायचं तर एप्रिलची दुपार घ्या. पश्चिमेची ओली भिंत उन्हाने ४५ अंशांपर्यंत तापली, तर वाफेच्या दाबातला फरक ७००० पास्कलच्या घरात जातो. जुलैच्या बारापट. चार महिन्यांची जमा याच दिवसांत फिटायची असते, आणि नेमक्या याच दिवसांत आपण तिच्यावर नवा लेप फासतो.

एक साधी गोष्ट मी सगळ्यात शेवटी पाहिली, आणि ती जन्मापासून डोळ्यांसमोर होती. चाळीच्या पुढच्या, गॅलरीकडच्या भिंतीचा गिलावा जुनाच आहे. चुन्याचा, ठिकठिकाणी खिळे ठोकलेला, गणपतीच्या माळा बांधून बांधून खरचटलेला. पण कोरडा. कारण त्याच्यावर पाऊस पडतच नाही. गॅलरी ही त्या भिंतीची छत्री आहे. मागच्या भिंतीलाही एके काळी प्रत्येक मजल्यावर बारीक कार्निस होती, खालून पाणी तुटावं म्हणून खाच असलेली. मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत ती 'सरळ' करून टाकली. क्युन्झेलच्या सूत्रात भिंतीवर पाऊस येतो हे गृहीत आहे, म्हणून तो येऊच नये यासाठी काय करावं, हा प्रश्न त्यात उमटत नाही. मी सूत्रातून भिंतीकडे पाहत होते, म्हणून मलाही तो पडला नाही.

मग सूत्र चूक आहे का? नाही. होल्झकिर्खेनच्या अखंड, गरम केलेल्या घराच्या भिंतीसाठी ते काम करतं, आणि दोन आकड्यांना एकमेकांशी बांधण्याची त्यातली कल्पना मी अजूनही वापरते. तुम्ही कुठलंही सूत्र उचलाल तेव्हा ते कुठल्या भिंतीवर, कुठल्या महिन्यांत मोजलं होतं हे शोधा, आणि त्याने काय अखंड धरलंय ते विचारा. माझ्या गाइडनी प्रस्ताव वाचल्यावर मार्जिनमध्ये एकच शब्द लिहिला होता: "जुलै?" मला तेव्हा वाटलं, ते सादरीकरणाची तारीख विचारताहेत.

आता त्या भिंतीवर मी दर पंधरा दिवसांनी ओल मोजते, बारा जागी, मिठासकट. लेप खरवडून काढलाय. खांबाचा पायथा कापून नवा तुकडा जोडलाय. आजी अजून परत आलेल्या नाहीत. परवा काकांनी जिन्यात गाठलं. "मग यंदा काय लावायचं?" मी म्हटलं, काका, दिवाळीपर्यंत काहीच नको. आधी वरच्या मजल्याचा मोरीचा पाइप बदलू या. ते म्हणाले, "पाइपसाठी पीएचडी कशाला लागते गं?"