‘धग’नंतर शेळके घसरले? एका वाक्याची तपासणी

आज सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याबद्दल बोलू. वाक्य माझंच आहे : ‘धग’नंतर उद्धव शेळके लोकप्रियतेकडे घसरले. गाईडनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, ‘‘धगनंतरच्या किती कादंबऱ्या वाचल्या?’’ मी म्हटलं, ‘‘दोन.’’ पुढं काही बोलायची सोयच राहिली नाही.

मी वडनेरचा. शेळक्यांचा जन्म हिंगणघाटचा, म्हणजे आमच्याच तालुक्याच्या गावचा. ‘धग’ १९६० साली आली. शिंपीकाम करणारा महादेव, त्याचा पाय कामात टिकत नाही, आणि मजुरी करून घर ओढणारी कौतिक. तिची वऱ्हाडी वाचताना शेजारच्या काकूच बोलताहेत असं वाटलं. म्हणूनच चूक झाली. जवळचं पुस्तक आवडलं आणि बाकीचं न वाचताच निकाल दिला.

आता ‘घसरले’ हा शब्द उघडून बघा. त्यात तीन दावे लपलेत. एक, नंतरचं लेखन कमी दर्जाचं आहे. दोन, त्याचं कारण पैसा आहे. तीन, पैशासाठी लिहिलं की दर्जा उतरतोच. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, आणि समीक्षेत बहुतेक वेळा तिसऱ्या दाव्यावरच पहिले दोन उभे केलेले दिसतात.

तिसरा दावा तर जपानकडे पाहिलं की डगमगतो. नात्सुमे सोसेकी यांनी १९०७ साली तोक्यो विद्यापीठातली नोकरी सोडली आणि आसाही वर्तमानपत्राची पगारी नोकरी धरली. काम काय, तर कादंबऱ्या लिहून देणं. १९१६ साली ते गेले तेव्हाही एक कादंबरी छापून येत होती, ती अपुरीच राहिली. त्यांना आज कोणी बाजारू म्हणत नाही. पण थांबा, तुलना इथंच संपवू नका. सोसेकींना दरमहा पगार होता. लेखणीवर जगणाऱ्या मराठी लेखकाला पुढचं पुस्तक लिहिल्याशिवाय पुढची कमाई नव्हती. हा फरक लेखकाच्या नीतीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

याचा अर्थ शेळक्यांची प्रत्येक कादंबरी ‘धग’च्या तोडीची, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं हाही न वाचता दिलेला निकालच. ‘धग’चं बळ मला एका गोष्टीत दिसतं : कौतिकची कीव न करता तिचे कष्ट, तिची मजुरी, तिचा हिशोब लेखक नीट मांडतो. मग पुढच्या प्रत्येक कादंबरीला हाच प्रश्न विचारायचा : इथं बाईचे कष्ट दिसतात, की फक्त तिचं दुःख? असं विचारलं की उत्तर पानं दाखवून देता येतं.

शेळके १९९२ साली गेले, आपल्या वाक्याला ते उत्तर देणार नाहीत. म्हणून जबाबदारी आपली. सिनॉप्सिसमध्ये ‘घसरण’, ‘ऱ्हास’, ‘उपेक्षित’ असे शब्द आले की बाजूला आकडा लिहा : त्यासाठी किती पुस्तकं वाचली? माझा आकडा दोन होता. आता वाक्य खोडलंय आणि वाचन सुरू आहे.