नवे आयाम

आमच्या वणीत हॉटेलची समीक्षा करायची पद्धत अगदी सोपी आहे. मिसळ मागवायची, निम्मी संपली की वाटी उंच धरायची आणि "रस्सा!" म्हणून हाक द्यायची. पोऱ्याने हसत रस्सा ओतला तर हॉटेल उत्तम. कपाळाला आठी घालून ओतला तर मध्यम. आणि "एक्स्ट्राचे पैसे पडतील" म्हणाला, तर त्या हॉटेलवर दोन पिढ्यांचा बहिष्कार! मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. काव्यात रस आणि ताटात रस्सा नसेल तर बाकीचा सगळा अलंकार, हा माझा सिद्धान्त. वर्गात अर्धा सांगत असे, उरलेला घरी.

या सिद्धान्ताला सिंगापुरात तडा गेला, त्याची ही हकिगत.

आमचे चिरंजीव बारा वर्षांपासून सिंगापुरात आहेत. "दोन वर्षांत परत येतो" म्हणून गेले होते. मधे लग्न झालं, नातू झाला, तो नऊ वर्षांचा झाला, आणि त्या दोन वर्षांबद्दल बोलणं सगळ्यांनीच सोडून दिलं. मागच्या वर्षी आम्ही दोघं महिनाभर गेलो. सौभाग्यवतींच्या बॅगेत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुरडया, बेसनाचे लाडू आणि दिंडोरीकडचे बेदाणे. विमानतळावर वजन करणाऱ्या मुलीने काट्याकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. माझ्या बॅगेत नातवासाठी बालव्याकरणाचं पुस्तक.

नातवाचं मराठी ऐकून माझ्यातला मास्तर पहिल्याच दिवशी जागा झाला. "मी भात खाल्ली", "माझी बाबा ऑफिसला गेली" असला कारभार. मी प्रत्येक वाक्याला लाल शाई लावू लागलो. दुसऱ्या आठवड्यात पोरगं माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागलं. नंतर नुसतं "ओके" म्हणायला लागलं. मला वाटलं, सुधारणा होतेय.

तर एका मंगळवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज मलय जेवण." मंगळवार म्हणजे देवीचा वार. सौभाग्यवतींचा दोन्ही वेळचा उपवास. सप्तशृंगीच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या बाईला सिंगापुरात जाऊन उपवासाची सूट मिळत नाही. पण "मी नुसती बसेन" म्हणून त्याही निघाल्या.

गेलो ते कंपोंग ग्लाम नावाच्या भागात. सोनेरी घुमटाची सुलतान मशीद आणि तिच्या आसपास अरब स्ट्रीट, बगदाद स्ट्रीट, कंदाहार स्ट्रीट. एका संध्याकाळी इतका मुसाफिरीचा मुलूख मी नकाशातही पाहिला नव्हता. तिथे एका गल्लीत आमची खाणावळ. खाणावळच म्हणतो, कारण रेस्टॉरंटचा थाट नव्हता. आत शिरल्याबरोबर काचेचं लांबलचक कपाट आणि त्यात पंचवीस-तीस भांडी. तांबडी, पिवळी, हिरवी, काळी. याला म्हणतात नासी पडांग. नासी म्हणजे भात, आणि पडांग हे सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. म्हणजे मलय वस्तीत इंडोनेशियातलं जेवण. आपल्याकडे मुंबईत उडुपी, तसं.

मूळ पडांगात म्हणे तुम्ही बसलात की वाढपी एका हातावर कोपरापर्यंत ताटल्यांची उतरंड रचून येतो आणि दहा-पंधरा पदार्थ न विचारता समोर मांडतो. ज्याला हात लावाल त्याचेच पैसे, बाकीचं परत. वणीत ही पद्धत सुरू झाली तर काय होईल, याचा विचार मी तिथे उभ्या उभ्या केला. लोक रस्सा तेवढा पितील आणि तुकडे मोजून परत देतील.

इथे मात्र कपाटासमोर उभं राहून हवं ते दाखवायचं होतं. मी बोट पुढे केलं. चिरंजीवांनी ते खाली केलं. "बाबा, बोट नाही. मलय लोकांत बोट दाखवणं उद्धटपणाचं. उजव्या हाताची मूठ करून अंगठा दाखवायचा." आता आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय ते वाचकांना ठाऊक आहे. मी एकेका भांड्याला अत्यंत नम्रपणे ठेंगा दाखवत चाललो आणि पलीकडच्या वयस्कर बाई प्रसन्न होऊन वाढत चालल्या. एका भांड्यापाशी चिरंजीवांनी माझा अंगठा हळूच उचलून पुढच्या भांड्यावर नेला. "ते गाईचं आहे. हे घ्या. हे आयाम."

"काय?"

"आयाम. म्हणजे कोंबडी."

मराठी समीक्षेत गेली कित्येक वर्षं प्रत्येक कवितेत नवे आयाम सापडतात. ते काय असतात हे मला कधी कळलं नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. आज कळलं. शिवाय चवीला ते लोक 'रस'च म्हणतात, फक्त शेवट लांबवून. भाषेला बहासा, नवऱ्याला सुआमी, बायकोला इस्त्री. "नवरा स्वामी आणि बायको इस्त्री?" सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? रोज तीच तर करते."

एवढ्यात त्या बाईंनी सौभाग्यवतींच्या रिकाम्या ताटाकडे पाहून काही विचारलं. चिरंजीव इंग्रजीत नवरात्रापासून समजावायला लागले. बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात नातू पुढे सरकून त्यांना म्हणाला, "नेनेक पुआसा." आणि मग आमच्याकडे वळून, "मी सांगितलं, आजीची पुआसा आहे."

"आजीचा," मी म्हणालो. "उपवास पुल्लिंगी."

पोरगं गप्प झालं. पण त्या बाईंचा चेहरा उजळला होता. त्यांनी छातीवर हात ठेवला, सौभाग्यवतींकडे बघून मान लववली आणि आत गेल्या. पुआसा म्हणजे उपवास. आपलाच संस्कृत शब्द, पूर्वी कधीतरी गलबतात बसून तिकडे गेलेला. त्यांच्या रमजानच्या रोज्यांना ते हाच शब्द वापरतात. पोराने शाळेतल्या मित्रांकडून उचलला होता.

आता जेवणाविषयी.

भात मोकळा, वाफ येणारा, त्यात चूक काढायला जागा नाही. हाताने जेवायची पद्धत, त्यामुळे पहिल्या घासातच परकेपणा निम्मा गेला. सांबल बलाचान म्हणजे तांबड्या मिरचीचा ठेचा, पण त्यात आंबवून वाळवलेल्या कोळंबीची वडी भाजून कुटलेली. वास असा की मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. पण जिभेवर गेल्यावर त्या वासाचं काय होतं कोण जाणे, मी तो तीनदा घेतला. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याच्या कुटाची दाट, आंबटगोड आमटी. हा पदार्थ नाशिक जिल्ह्यात उद्या सुरू झाला तर परवा आपलाच म्हणून खपेल. क्रुपुक म्हणजे कोळंबीची कुरडई. आचार नावाचं लोणचं आपल्या लोणच्याइतकं तडफदार नाही, मवाळ पक्षाचं आहे. तेम्पे नावाचे तळलेले काप मला फार आवडले. खुसखुशीत, खमंग. संपल्यावर चिरंजीवांनी सांगितलं की सोयाबीनवर बुरशी चढवून ती वडी बांधतात. मुलांना वाढवताना आपण काय चुकलो, असा विचार माणसाच्या मनात येतो तो अशा वेळी.

शेवटी रेंडांग. हा त्या मंडळींचा मानाचा पदार्थ. माझ्यासमोर काळसर, कोरडी कोंबडी. मी ताट तिरकं केलं. काही वाहिलं नाही. वणीच्या कसोटीला स्मरून मी निकाल दिला, "मसाला बरा आहे. पण रस्साच नाही! विसरले वाटतं."

चिरंजीवांनी हातातला घास खाली ठेवला. "बाबा, २०१८ साली इंग्लंडमध्ये टीव्हीवर स्वयंपाकाची स्पर्धा होती. मलेशियात जन्मलेल्या एका बाईंनी हेच कोंबडीचं रेंडांग केलं. परीक्षक म्हणाले, कातडी कुरकुरीत नाही. बाई बाद. त्यावर मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, जे एरवी कुठला पदार्थ कोणाचा म्हणून भांडतात, ते तिन्ही देश एक झाले. मलेशियात निवडणूक तोंडावर होती, तरी पंतप्रधान आणि त्यांना पाडायला निघालेले माजी पंतप्रधान दोघंही एका बाजूने बोलले. तिथल्या ब्रिटिश राजदूत बाईंनीसुद्धा सांगितलं की रेंडांग कुरकुरीत नसतं. तुम्ही त्या परीक्षकाचे भाऊ."

"अरे, पण रस्सा..."

"रस्सा आटवूनच ते करतात. नारळाच्या दुधात मसाल्यासकट शिजवत ठेवतात. रस्सा असतो तोवर त्याला गुलाई म्हणतात. निम्मा आटला की कालिओ. पार आटून, तेल सुटून, काळं झालं की रेंडांग. तुम्ही मॅट्रिक झालेल्या पोराला विचारताय, बालवाडीत का नाहीस म्हणून."

"पण एवढं आटवायचं कशाला?"

मग त्याने जे सांगितलं, ते ऐकताना मी जेवायचा थांबलो. हे जेवण मिनांगकाबाऊ लोकांचं. त्यांच्यात वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. पोरांनी वयात आलं की बाहेर पडायचं, परमुलखात कमवायचं. त्या बाहेर पडण्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, मरांताऊ. जाणाऱ्यासोबत द्यायला रेंडांगासारखं दुसरं काही नाही, कारण बर्फाशिवाय ते कित्येक दिवस टिकतं. आणि गेलेली पोरं जिथे पोचली तिथे त्यांनी खाणावळी काढल्या. म्हणून पडांगचं जेवण जकार्तापासून सिंगापूरपर्यंत सगळीकडे.

म्हणजे ही शिदोरी होती. शिदोरीत रस्सा शोधणारा मास्तर मी.

सौभाग्यवती सुनेला सांगत होत्या, "चटणी अगदी कोरडी केलीय हं, तेल बेताचंच घातलंय. महिने दोन महिने काही होत नाही तिला." मला आठवलं, बारा वर्षांपूर्वी चिरंजीव निघाले तेव्हा आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत त्या दाणे भाजत होत्या. त्यांना कोणी सुमात्रा सांगितला नव्हता. रस्सा प्रवासाला चालत नाही, हे जगातल्या सगळ्या आयांना आपोआप कळतं. समीक्षकांना सांगावं लागतं.

एवढ्यात त्या बाई आतून वाटी घेऊन आल्या आणि सौभाग्यवतींच्या पुढ्यात ठेवून लांब उभ्या राहिल्या. सागो गुला मलाका. म्हणजे शिजवून थंड केलेला साबुदाणा, वर नारळाचं दूध आणि माडाच्या रसाचा काळा गूळ. साबुदाणा, नारळ, गूळ! तिन्ही उपवासाला चालणारे. सौभाग्यवतींनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा भोवतालच्या आयामांकडे, डोळे मिटून गडाच्या दिशेने (अंदाजाने) नमस्कार केला आणि चमचा उचलला.

आता गंमत बघा. आपली जुनी माणसं सागुदाणा म्हणत, तो सागू मुळात मलय शब्द. तिकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातलं पीठ म्हणजे सागू. दुसऱ्या महायुद्धात तिकडून येणारा माल बंद झाला, तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून दाणे पाडायला लागले, आणि आपली एकादशी निभावली. म्हणजे आपण त्यांना उपवास दिला आणि त्यांनी आपल्याला उपवासाचं खायला दिलं. दोघांनीही एकमेकांच्या वस्तू इतक्या सांभाळल्या की आता आपल्याच वाटतात. नशीब, तिकडे पुआसा पोचला तेव्हा धक्क्यावर कोणी मराठीचा मास्तर लाल शाई घेऊन उभा नव्हता. "आधी 'उ' कुठे गेला ते सांग" म्हणाला असता, आणि शब्द त्याच गलबताने परत आला असता.

मी नातवाकडे पाहिलं. तो मान खाली घालून भात चिवडत होता. त्याच्या एका चुकीच्या लिंगाच्या वाक्याने दोन देशांतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींना कळल्या होत्या, आणि आमच्या शुद्ध मराठीने त्याला गप्प बसवलं होतं. त्याचं मराठी आटलंय, हे खरं. पण वणीपासून इतक्या लांब, बारा वर्षांच्या विस्तवावर, आटलंय म्हणूनच टिकलं असेल.

समीक्षा संपवतो. भात उत्तम, सांबल अतिउत्तम, आचार मध्यम, साबुदाणा सौभाग्यवतींच्या मते "पातळ, पण मायेने केलेला". रेंडांगविषयी मी आधी दिलेला निकाल मागे घेतो. मी आणखी मागून घेतलं. बाईंनी हसत वाढलं. त्याचे पैसे मात्र पडले. बहिष्कार वगैरे काही नाही.

बाहेर पडताना नातवाने माझं बोट धरलं आणि जरा भीत भीत मराठीत विचारलं, "आजोबा, चव कसा होता?"

चिरंजीव थबकले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. लाल शाई ओठांपर्यंत आली होती.

"चांगला होता रे," मी म्हणालो. "फार चांगला होता चव."