विविध भारतीचे ताट

मराठी माणूस गाण्यांवर पोटभर बोलतो. गायकाचा गळा, संगीतकाराची चाल, कवीचे शब्द यांची चिकित्सा आपण प्रवासात करतो, लग्नाच्या मांडवातही करतो. पण तीच गाणी, मधली नाटुकली, निवेदकाचे चार शब्द, श्रोत्यांची पत्रे हे सारे एकापुढे एक मांडून नभोवाणी जो सकाळपासून रात्रीपर्यंतचा सलग दिवस आपल्यापुढे ठेवते, त्या दिवसाची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. वेळापत्रकाचे कसले आले आहे रसग्रहण, असे आपल्याला वाटते. मला मात्र 'विविध भारती'चे सगळ्यांत मोठे कर्तृत्व त्या वेळापत्रकातच दिसते.

तिचा जन्म तसा नाइलाजातून झाला. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, हे त्यांचे ठाम मत. आकाशवाणीवरच्या चित्रगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी बेबनाव झाला, आणि श्रोत्यांनी मुकाट्याने रेडिओचा काटा सिलोनवर नेला. तिथे त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. सरकारने दार लावले तर ऐकणारा खिडकीतून शेजारच्या घरी जातो, हे पाच वर्षांत पुरते दिसून आले. आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. केसकर तेव्हाही मंत्री होतेच!

पडते घ्यावे लागले की माणूस सरळ प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो. ती झाली नाही याचे बरेचसे श्रेय कवी नरेंद्र शर्मांना द्यावे लागेल. नव्या सेवेची घडी त्यांनी बसवली. (१९६१ सालच्या 'भाभी की चूडियाँ'मधले ते पहाटेचे गाणे यांचेच, आणि त्याची चाल आपल्या सुधीर फडक्यांची, हे वाचकांना आठवत असेलच.) कवीला एक गोष्ट उपजत कळते: कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ यावी. या सेवेच्या दिवसालाही ती जाण लाभली.

सकाळचेच पाहा. पुढे कितीतरी वर्षे 'भूले बिसरे गीत' संपले की 'संगीत सरिता' लागत असे. आधी जुनी चित्रगीते, आणि लगेच पंधरा मिनिटांत एखाद्या रागाची ओळख: त्याचे आरोह-अवरोह, त्यावर बेतलेले एखादे चित्रगीत, मग थोडे शास्त्रोक्त गायन किंवा वादन. कणकेत हात असलेली गृहिणी आणि बुटाची नाडी बांधणारा मुलगा, दोघेही रेडिओ बंद करायला मोकळे नसत. आपण रोज गुणगुणतो ते गाणे यमनातले आहे, हे त्यांना असे नकळत समजे. याऐवजी सकाळी सातालाच कोणी रागाचे व्याख्यान लावले असते, तर घरोघरचे रेडिओ तत्काळ गप्प झाले असते. मंत्रिमहोदयांना जे हुकूम काढून साधले नाही, ते त्यांना नकोशा असलेल्या चित्रगीताच्या बोटाला धरून साधले. संगीताच्या शिक्षणाचा याहून चतुर प्रयोग आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

आपल्या पानाला डावी-उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या. चटणी कोणी वाटीभर मागत नाही. पण ती जागेवर नसली तर भाताची चव उतरते. 'संगीत सरिता' ही त्या ताटातली डावी बाजू होती.

त्यानंतरची 'त्रिवेणी', एका विचाराभोवती तीन गाणी गुंफणारी, मला कधीकधी उपदेशाकडे झुकलेली वाटे. दुपार तर एकंदरीत सैलच. खरी गंमत संध्याकाळी. 'जयमाला' फौजी भाइयोंसाठी. गाणी तीच, पण कुठल्या तरी दूरच्या ठाण्यावरच्या शिपायाचे नाव आधी कानी पडले की तेच प्रेमगीत निराळे ऐकू येई. फर्माइशींच्या नावांच्या याद्यांना पुष्कळांनी नाके मुरडली. गाणे तीन मिनिटांचे आणि नावांची मालगाडी! पण झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव, आज झारखंडात असलेले, महाराष्ट्रातल्या पोराबाळांना ठाऊक झाले ते भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, या याद्यांतून.

'हवामहल'विषयी मात्र माझे मन इतके उदार होत नाही. पंधरा मिनिटांत माणसे उभी करायची, गोंधळ घालायचा आणि निस्तरायचा. मग बहिरे काका, संशयी नवरे आणि अदलाबदल झालेल्या पेट्या यांची गर्दी होणारच. आपल्या मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' यापेक्षा कितीतरी सरस. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांचे ते कुटुंब पुन:पुन्हा भेटीला येई, म्हणून त्यांना ओरडून ओळख करून द्यावी लागत नसे. तरीही 'हवामहल' रात्री आठाच्या सुमारास लागे. घरातली सगळी माणसे एका खोलीत असण्याची ती वेळ. सुमार विनोदही पाच जणांनी मिळून ऐकला की हसू येते.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे जाहिराती सुरू झाल्या. त्यांनी गाणी बिघडवली असे मी म्हणणार नाही. बिघडले ते सांधे. दोन कार्यक्रमांमधला जो श्वास होता, तिथे साबण येऊन बसला. आज तर हाताशी फोन आहे आणि हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते. विविध भारतीही त्याच फोनवर ऐकू येते. पण फोनमधले यंत्र आपल्याला आवडले त्याच्यासारखेच आणखी काही पुढे करते, आणि तेही एकेकाच्या कानात वेगवेगळे. श्रीखंडावर श्रीखंड. चटणी वाढायचे त्याला सुचत नाही.

त्या जुन्या दिवसाची अखेर रात्री दहाला 'छायागीत'ने होऊ लागे. गाणी निवेदकाच्या मर्जीची, त्याच्या हळू आवाजातल्या निवेदनात ओवलेली. तिथे कोणाची फर्माइश चालत नसे. साडेदहाला मग 'आप की फर्माइश'. आधी वाढणाऱ्याची आवड, नंतर जेवणाऱ्याची मागणी; आणि आधीच्या त्या अर्ध्या तासाने कान असे काही निवलेले असत, की मागणीतली घासून गुळगुळीत झालेली गाणीही पुन्हा गोड लागत.