मळवलीची चित्रे, शहरांच्या भिंती

पुण्यात घोले रस्त्यावरच्या महापालिकेच्या कलादालनाला राजा रविवर्मा यांचे नाव आहे. तिथे काय किंवा बालगंधर्व कलादालनात काय, निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात मावळ हमखास भेटतो: धुक्यातले डोंगर, भातखाचरे, ओली कौले. जलरंगावर पुण्याचा हात बसलेला आहे, त्यामुळे यातली बरीच चित्रे देखणी असतात. पण ती धावत्या मोटारीच्या काचेतून पाहिल्यासारखी वाटतात. द्रुतगती महामार्ग, बंगल्यांच्या स्कीमा, डोंगर पोखरून काढलेला मुरूम या चौकटीत सहसा शिरत नाहीत.

ज्याच्या नावाच्या दालनात ही चित्रे लागतात, त्या चित्रकाराचा छापखाना याच मावळात होता. मुंबईत 1894 मध्ये सुरू झालेला रविवर्मा प्रेस 1899 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला आला. भाजे-कार्ल्याची लेणी पाहायला लोक उतरतात, तेच हे स्टेशन. शिळाछापाचे काम चिवट: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकावर एक पडणारे सगळे रंग तंतोतंत जुळायला हवेत. कला साधली, धंदा साधला नाही. कर्ज चढले आणि रविवर्मांनी प्रेस जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकला. श्लायखरांनी तो चालवून दाखवला. दादासाहेब फाळके यांनी 1908 मध्ये लोणावळ्यात छापखाना काढला, तो मुख्यतः याच प्रेसची कामे करण्यासाठी. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर पाच वर्षांनी आला. मळवलीचा प्रेस 1972 च्या आगीत जळाला.

या प्रेसने छापलेल्या देवदेवता आजच्या कलेत वारंवार येतात. अतुल दोडिया यांच्या ‘महालक्ष्मी’त (2002) दुकानाच्या शटरवर कॅलेंडरातली लक्ष्मी आहे, शटर वर सरकले की गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. धक्का जबरदस्त, पण तो एकदाच बसतो. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष्मी निव्वळ खूण उरते. नलिनी मलानी यांनी ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ या चित्रफितीत (2003) रविवर्मांच्या 11 वादक स्त्रियांच्या मैफलीत गोळीबाराचा आवाज घुसवला. गुजरातची दंगल ताजी होती, आणि मूळ चित्रातल्या गोडव्यावर इतका नेमका घाव क्वचितच कुणी घातला असेल.

तरीही मळवलीच्या सर्वांत जवळ पोचतात त्या पुष्पमाला एन. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 या काळात केलेल्या छायाचित्रमालेत त्या स्वतः रविवर्मांच्या नायिका होऊन उभ्या राहतात. रंगवलेला पडदा, मेकअप, सामानसुमान काहीच लपवलेले नाही. चित्र बनवावे लागते, त्यामागे कारखाना असतो, हे त्या विनोदाने दाखवतात. दोडियांच्या शटरमध्ये आणि मलानींच्या चित्रफितीत या कारखान्याला जागा नाही.

जुन्या छापांच्या प्रदर्शनांचेही तेच. पाटीवर ठळक नाव रविवर्मांचे. ते 1906 मध्ये वारले. प्रेस त्यानंतर अनेक दशके चालला आणि धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांचीही चित्रे त्याने छापली. दगड घासणारे, शाई लावणारे, छापावर वॉर्निश चढवणारे हात तर पाटीवर कधीच येत नाहीत.

लोणावळ्याचा पर्यटक मात्र तिकीट काढून जातो वरसोलीच्या मेणाच्या पुतळ्यांकडे. सुनील कंडल्लूर यांच्या या संग्रहालयाला समीक्षकांनी खुशाल नाक मुरडावे. लांबची माणसे हाताच्या अंतरावर आणून देणे हाच मळवलीचाही व्यवसाय होता, आणि गर्दीला ते आजही हवे आहे. ही भूक ओळखून आजच्या छापचित्रकारांनी इथेच एखादे प्रदर्शन मांडावे: एकच लक्ष्मी, एका रंगाचा ठसा, मग दोन रंगांचा, मग तीन, असे थेट पूर्ण चित्रापर्यंत. शेजारी एक शिळायंत्र आणि ते चालवणारा माणूस. यासाठी मुंबईच्या जहांगीरसारखे दालन लागत नाही. शाळेचे सभागृहही पुरते.