हुतात्मा चौक येथील भूमिगत स्थानक : एक परीक्षण

कफ परेड ते आरे ही मुंबईची भूमिगत मेट्रो 9 ऑक्टोबर 2025 रोजीं संपूर्ण खुली झाली. लांबी 33.5 किलोमीटर, स्थानकें 27, त्यांपैकीं 26 जमिनीखालीं. कर्जतहून येणारा प्रवासी छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून या मार्गानें दक्षिणेस निघाला, तर प्रथम हुतात्मा चौक व नंतर चर्चगेट हीं स्थानकें लागतात. आमचा आक्षेप या जोडीसंबंधीं आहे.

मुंबईच्या कोटास अपोलो, बाजार व चर्चगेट असे तीन दरवाजे होते. सेंट टॉमसच्या देवळाकडे जाणारा तो चर्चगेट. देशी लोक त्यास पवनचक्कीचा दरवाजा म्हणत. फ्रिअरच्या कारकीर्दींत कोट पडला, आणि दरवाजाच्या जागीं 1864 सालीं फ्लोराचें कारंजें उभें राहिलें. म्हणजे खरा चर्चगेट आजच्या हुतात्मा चौकांत होता. रेल्वेनें तें नांव पश्चिमेस नेलें आणि मेट्रोनें तीच चूक जमिनीखालीं उतरविली. जुन्या कागदांतील चर्चगेट आजच्या नकाशावरून लावूं पाहणारा अभ्यासक हमखास फसेल. हुतात्मा चौक हें नांव बदलावें असें आम्ही म्हणत नाहीं. 21 नोव्हेंबर 1955 च्या गोळीबाराची ती स्मृति आहे. परंतु तेथें दरवाजाचा उल्लेख दोन ओळींत ठळकपणें असावा.

आतां रचनेविषयीं. या मार्गावरील बहुतेक स्थानकें वरून खड्डा खणून बांधलीं. जेथें वर जुन्या इमारतींची दाटी, तेथें कांहीं स्थानकें आंतून खडक फोडीत व फोडलेल्या भागास लागलीच आधार देत कोरलीं. आम्हां कशेळेकरांस ही कल्पना अगदींच परकी नव्हे. येथून आंबिवलीमार्गें कोथळीगडास जावें. सुळक्याच्या पोटांतून कोरून काढलेला जिना आहे, आणि पायथ्याच्या लेण्यांत कोरीव खांब. तेथें खडक उघडा आहे, म्हणून तो कसा कोरला हें पाहणाऱ्यास ताडतां येतें. स्थानकांत तसें नाहीं. काँक्रीट व फरशी यांखालीं खडक कायमचा झांकला गेला. प्रकाश उत्तम, वावर प्रशस्त, पण भिंत मुकी. (स्वच्छतेबद्दल तक्रार नाहीं!)

अशा वास्तूचा पुरावा वास्तूंत नसून कागदांत असतो. खोदकामाचे नकाशे, खडकाच्या नमुन्यांच्या नोंदी, कामाचीं छायाचित्रें हीं आज ठेकेदारांच्या व अभियंत्यांच्या कपाटांत असणार. तीं जुन्या दप्तरांप्रमाणें रद्दींत निघण्यापूर्वीं संग्राहकांनीं मागून घ्यावीं.