‘मान्यताप्राप्त, किंवा त्या वाटेवर’

ब्रिटनमधले क्लब आणि विद्यापीठं स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोचसाठी ज्या जाहिराती देतात, त्या ओळीने वाचायला घेतल्या की एक अट पुन्हा पुन्हा भेटते. उमेदवार यूकेएससीए या व्यावसायिक संघटनेचा मान्यताप्राप्त कोच असावा, किंवा मान्यता मिळवण्याच्या वाटेवर असावा. वाचायला उदार वाटतं. पण नीट बघा, पहिल्या अर्ध्यात घातलेली अट दुसऱ्या अर्ध्यात काढून घेतली आहे.

हे एवढं महत्त्वाचं का? फिजिओथेरपिस्ट हे नाव ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. स्ट्रेंथ कोच या नावाला असं संरक्षण नाही. उद्या तुम्हीआम्हीही तशी पाटी लावू शकतो. म्हणजे खेळाडूच्या पाठीवर बार कोण ठेवणार, हे ठरवणारी गाळणी कायद्यात नाहीये, ती नोकरीच्या जाहिरातीत आहे. तीच सैल असेल तर पुढे अडवणारं फारसं कोणी नाही.

अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल एक साधी गोष्ट मांडली. मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवी, प्रमाणपत्र अशा संकेतांवर विसंबतो. पण संकेताला किंमत कधी येते? तो मिळवणं कुवत असलेल्याला त्यातल्या त्यात सोपं आणि नसलेल्याला जड जातं, तेव्हाच. आता ही कसोटी ‘वाटेवर’ या शब्दाला लावा. मी वाटेवर आहे असं म्हणायला काय लागतं? काहीच नाही. जे सगळ्यांना फुकट म्हणता येतं, त्यातून कोणाबद्दल काहीच कळत नाही.

दुसरी अडचण ‘किंवा समकक्ष’ची. यूकेएससीएच्या मूल्यांकनात लेखी परीक्षेबरोबर परीक्षकांसमोर वेटलिफ्टिंगचे प्रकार, उड्या, वेग आणि दिशाबदल प्रत्यक्ष शिकवून दाखवावे लागत आले आहेत, शिवाय एका खेळाडूसोबत केलेलं कामही मांडावं लागतं. अमेरिकेतल्या एनएससीएच्या सीएससीएस परीक्षेचे दोन भाग आहेत. दुसऱ्याच्या नावात ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द आहे खरा, पण तोही संगणकासमोर बसून पर्याय निवडतच सोडवायचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या एएससीएची लेव्हल १ तर नावाप्रमाणेच पहिली पायरी. यातलं एकही वाईट नाही, पण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या जाहिरातींतही ही नावं मधे तिरकी रेघ मारून शेजारी शेजारी बसवलेली दिसतात. त्या रेघेचा अर्थ ‘एकच’ असा होतो, आणि तो चुकीचा आहे.

याची किंमत शेवटी खेळाडू मोजतो. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे १३ फुटबॉलपटू सुट्टीनंतरच्या व्यायामामुळे रुग्णालयात गेले. त्या सत्रात वेळ लावून १०० स्क्वॉट होते. निदान होतं ऱ्हॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरणं, ज्यात मूत्रपिंडं धोक्यात येतात. २०१५ पासून एनसीएएने वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयीन संघांच्या स्ट्रेंथ कोचना प्रमाणपत्र सक्तीचं केलं. तरी जानेवारी २०१७ मध्ये ओरेगन विद्यापीठाचे तीन खेळाडू तसेच रुग्णालयात गेले. तिथल्या कोचकडे या क्षेत्रातल्या दोन मोठ्या अमेरिकी संघटनांपैकी एकाचंही प्रमाणपत्र नव्हतं, होतं ते ट्रॅक अँड फील्ड प्रशिक्षकांच्या संघटनेचं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. दुसरं प्रमाणपत्र असतं तर हे टळलं असतं, असं यावरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. दिसतं ते एवढंच, की ‘प्रमाणपत्र हवं’ असं नुसतं लिहिलं की पुढचा प्रश्न, कशाचं प्रमाणपत्र, हा तसाच उघडा राहतो.

मग अट कडक केली की झालं? नाही, इथे स्पेन्सचीच कसोटी उलटीही फिरते. मान्यता मिळवायला फी लागते, आणि परीक्षेच्या लायकीचा हात बसायला महिनोन्‌महिने खेळाडूंसोबत काम करावं लागतं. ते काम या क्षेत्रात बऱ्याचदा बिनपगारी इंटर्नशिप म्हणून मिळतं. ज्याच्या घरून भाडं भरलं जातं, त्याला हे परवडतं. अशा वेळी संकेत कुवत कमी आणि ऐपत जास्त मोजतो. ‘वाटेवर’ हा शब्द आला तो बहुधा या तरुणांना दार उघडं राहावं म्हणूनच. हेतू चांगला, पण प्रत्यक्षात फायदा होतो मालकाचा. त्याला मान्यताप्राप्त माणसाचं काम शिकाऊ माणसाच्या पगारात मिळतं, आणि शिकाऊ पोरगं देखरेखीशिवाय पूर्ण संघ सांभाळत बसतं.

जाहिरात लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. एक, पद स्वतंत्र जबाबदारीचं असेल तर कोणती मान्यता हवी ते नाव घेऊन लिहा. ‘समकक्ष’ म्हणायचं असेल तर प्रत्यक्ष शिकवण्याची परीक्षा झालेली असावी, एवढं तरी जोडा, किंवा मुलाखतीत ती स्वतः घ्या. दोन, शिकाऊ माणूस चालणार असेल तर ते पद शिकाऊ म्हणूनच जाहीर करा: देखरेख कोणाची, मान्यता किती महिन्यांत मिळवायची, फी कोण भरणार. तीन, पगाराचा आकडा छापा. ‘अनुभवाप्रमाणे’ लिहिलेल्या जागेवर मान्यताप्राप्त कोचला त्याच्या पाच वर्षांची किंमत आधी कळायला काहीच मार्ग नसतो, आणि मग तो अर्जच करत नाही.